म्हशी पाणी का पीत नव्हत्या

छगनभाईंच्या तबेल्यातल्या शेवटच्या रांगेतल्या सात म्हशींनी चार दिवसांपासून हौदातलं पाणी सोडलं होतं. तहान तर लागलेली दिसायची. मान लांबवून त्या हौदाजवळ यायच्या, लोखंडी कठड्याला नाक लागलं की दचकून मागे सरायच्या. दूध निम्म्यावर आलं. डिंडोलीच्या पुढे, कालव्याच्या कडेला असलेल्या त्या तबेल्यात सुंदरा पाच वर्षं कामाला होती, पण असलं काही तिनं पाहिलं नव्हतं.

छगनभाईंनी ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं पावडर दिली. मग दाराला लिंबू-मिरची बांधली गेली. शेवटी मंगलाबाईंना हौद घासायला लावला. मंगलाबाई अमळनेरकडच्या, साठीच्या जवळ आलेल्या. चुना लावून त्यांनी हौद आरशासारखा केला. म्हशी तरी जवळ येईनात. दोघी बादल्या भरभरून त्यांच्या तोंडाशी नेत, तेव्हा कुठे त्या प्यायच्या.

पाचव्या दिवशी हौदात साचलेला पाला काढायला सुंदरा वाकली. चप्पल चिखलात रुतत होती म्हणून तिनं काढून ठेवली होती. मोटार चालू होती. एका हातानं तिनं कठडा धरला आणि तळपायापासून पोटरीपर्यंत मुंग्यांची रांग चालत गेल्यासारखं झालं. तिनं हात झटकला. पुन्हा हळूच बोट लावलं. पुन्हा तेच.

कठड्यात करंट असेल असं छगनभाईंना तिनं तिथल्या तिथे सांगितलं. ते बूट घालून आले, कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला आणि हसले.

"क्यां छे करंट? कुठे आहे? सुंदराबेन, वाकून वाकून पाय बधिर झाला असेल तुझा."

सुंदरानं पुन्हा बादली उचलली. त्यांना काही झालं नाही हे तर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण म्हशी काही वाकून वाकून बधिर झाल्या नव्हत्या.

संध्याकाळी घरी भाकरी थापताना तिनं नवऱ्याला, लोटूला, सगळं सांगितलं. गोडादऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात लोटूची बावीस वर्षं गेली होती. मशीनचा आवाज ऐकून ऐकून त्याला माणसांचं जरा कमीच ऐकू यायचं, पण हे त्यानं नीट ऐकलं. हातातली वाटी खाली ठेवली.

"पायमा चप्पल व्हती का?"

"नही. काढी ठेवेल व्हती."

"आनि शेठना पायमा बूट," लोटू म्हणाला. "मंग त्याले कसं लागी? करंटच शे तो. आमना कारखानामा एक मशीन आठ दिन अशाच गुदगुल्या करे. नवव्या दिनले मानूस चिटकी गया."

तो माणूस वाचला का, हे सुंदरानं विचारलं नाही. लोटूनंही सांगितलं नाही. उठून त्यानं पेटीतून टेस्टर काढला आणि तिच्या हातात दिला.

"पिवळा भाग धरजो, बोट फक्त मांगला टोपनले लावजो. आनि ध्यानमा ठेव, कोनी चिटकनं तं त्याले हात नको लावजो. पहिले मेन बंद करजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हशी धुण्याच्या वेळी, छगनभाई बाहेर गेले होते. सुंदरानं मोटार चालू केली आणि पायात चप्पल आहे ना हे दोनदा बघून टेस्टर कठड्याला लावला. आतला दिवा लालभडक पेटला. मोटार बंद केली, दिवा विझला. चालू केली, पुन्हा पेटला.

"माय वं!" मंगलाबाई म्हणाल्या. "अन् मी तिथे बसून चुना लावत होते!"

सुंदरानं दाराजवळच्या चौथऱ्यावर चढून मेन स्विचचा दांडा खाली पाडला. छगनभाईंना दोन फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. मग ती तिथेच उभी राहिली. म्हशी धुवायच्या राहिल्या, दूध काढायची वेळ टळत आली, आचळं तटतटलेल्या म्हशी हंबरायला लागल्या. मंगलाबाई म्हणाल्या, "ओरडतील बरं का शेठ." सुंदरा म्हणाली, "ओरडू दे."

आणि छगनभाई आले ते ओरडतच. तोवर गटार तुंबून तबेल्यात घोट्याएवढं पाणी झालं होतं. बूट खराब होतील म्हणून त्यांनी ते बाहेरच काढले, पॅन्ट वर दुमडली.

"मोटार कोणी बंद केली?"

"मी केली. शेठ, कठड्यात करंट आहे. टेस्टर पेटतो. तुम्ही आधी वायरमन बोलवा."

"टेस्टर तर ओलाव्यानं पण पेटतो! पाच वाजता दूध न्यायला गाडी येणार, तेव्हा काय देऊ, टेस्टर?" त्यांनी तिला हातानं बाजूला केलं, मेन वर ढकलला आणि पाण्यातून फचफच करत हौदाकडे चालू लागले.

"शेठ, बूट घाला! अनवाणी जाऊ नका!"

सुंदरा त्यांच्यामागे धावली नाही. आपण का धावलो नाही, हे तिलाही नंतर नीट सांगता आलं नाही. पाय चौथऱ्यावरून हललेच नाहीत. फक्त तिचा हात मेनच्या दांड्यावर गेला.

छगनभाईंनी हौदाचा व्हॉल्व्ह फिरवायला एका हातानं कठडा धरला. आवाज आला नाही. ओरडले नाहीत. नुसते ताठ झाले, मान मागे गेली, आणि हात कठड्याला शिवल्यासारखा राहिला. मंगलाबाई "शेठ!" म्हणत पाण्यात उतरणार, तेवढ्यात सुंदरा किंचाळली, "हात लावू नका त्यांना!" आणि सगळा भार टाकून तिनं दांडा खाली ओढला.

पंख्याची घरघर थांबली. छगनभाई पोत्यासारखे पाण्यात बसले.

आता दोघी धावल्या. त्यांना ओढत कोरड्यावर आणलं. ओठ निळसर, तळहातावर पांढरा चट्टा. सुंदरानं त्यांच्या छातीवर हात ठेवला. आत धडधडत होतं, वेडंवाकडं, पण धडधडत होतं. मग ते खोकले, डोळे उघडले आणि पहिल्यांदा म्हणाले ते, "बा..." आई. मंगलाबाई मोठ्यानं रडायला लागल्या.

दवाखान्यात छातीचा ईसीजी काढला. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. हाताला पट्टी, बाकी माणूस धडधाकट. तोवर पलसाण्याहून योगेंद्र नावाचा वायरमन येऊन गेला होता. मोटारीची वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती आणि पाइपाला टेकली होती. जमिनीत करंट सोडणारी अर्थिंगची तार गटार खोदताना तुटली होती आणि कोणी ती जोडलीच नव्हती. त्यानं दोन्ही नव्या केल्या, आणि जरा कुठे करंट गळला की आपोआप पडेल असा स्विच बसवला. सगळ्यांसाठी रबरी गमबूट आले.

दवाखान्यातून परत आलेले छगनभाई तबेल्याच्या दारातच थांबले. पट्टीचा हात छातीशी धरून म्हशींकडे बघत राहिले. पुढची म्हैस कठड्याला नाक लावून थबकली, फुरफुरली, आणि मग तिनं मान घालून जे पाणी ओढायला सुरुवात केली ते थांबेच ना. मागच्या सहाजणी धक्काबुक्की करत पुढे आल्या.

"ही तर मुकी जनावरं, तरी सांगत होती," छगनभाई म्हणाले. "तू तर तोंडानं सांगत होतीस, बेन. मीच बहिरा." एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

रात्रभर दवाखान्यात थांबलेली सुंदरा त्या संध्याकाळी घरी आली ती उंबऱ्यावरच बसली. लोटूनं पाणी आणून दिलं. दवाखाना, वायरमन, सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग जरा थांबून, भीत भीत विचारलं,

"मेन पाडा तवय तू कोठे उभी व्हती? कोरडामा ना?"

तिला आठवावं लागलं. चौथरा. खालची कोरडी फरशी. पायातली चप्पल.

"हाव," ती म्हणाली. "कोरडामाच."

लोटूनं एवढा मोठा श्वास सोडला की तिला हसूच आलं. मग तोही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की कालपासून ती नीट जेवली नाही.

"ऊठ मंग," तो म्हणाला, आणि स्वतःच ताट वाढायला घेतलं.