न पिकणारी केळी

जगाची केळी पिकवण्यात अढीवाल्याची हयात गेली, पण स्वतः पिकायला मात्र त्याची अजिबात तयारी नव्हती. लेक बाळंतपणाला घरी आली आणि येणाऱ्या नातवंडाच्या लग्नात आपण नाचायचंच, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यासाठी गुडघे शाबूत राहायला हवे होते.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला नीट समजावलं होतं. शरीरही आतून थोडंथोडं गंजत असतं म्हणे, आणि तुती, रानबोरं, कुंपणावरची काळी फळं अशा कुणी न विचारणाऱ्या फळांत तो गंज रोखणारी अँटिऑक्सिडंट्स असतात. दूरदेशीच्या महागड्या डब्यांपेक्षा दारचं झाड बरं, त्याला ना ट्रक लागतो ना प्लास्टिक. रोज मूठभर खा, बाकी साधं जेवा, असंही त्या म्हणाल्या. त्यातलं ‘मूठभर’ तेवढं याच्या कानात शिरलं नाही. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे लोकांना सांगत फिरणारा हा शहाणा सकाळ-संध्याकाळ घमेलं भरून तुती खाऊ लागला. जीभ, मिशा, उशीची खोळ, सगळं जांभळं झालं.

गुण आला. केस काळेभोर झाले, गुडघे कुरकुरायचे थांबले. आणि तो कामाला होता त्या वखारीतली केळी पिकायची थांबली. ऊब दिली, खोल्या बंद केल्या, तरी घड आपले ढिम्म हिरवे. मालकानं दारं तपासली, यंत्रं तपासली, शेवटी वैतागून यालाच रजेवर धाडलं. संध्याकाळपर्यंत घड पिवळे झाले.

हा घरी बसला तसं घरात दही लागेना, पावाचं पीठ फुगेना. चिरलेलं सफरचंद दिवस दिवस पांढरंशुभ्र. बायकोला आधी कौतुक वाटलं, मग ती भांडी आपटू लागली.

इकडे लेकीचे दिवस भरले आणि उलटूनही गेले. बाळ आत मजेत हातपाय झाडत होतं, पण बाहेर यायचं नाव घेईना. लेक रडकुंडीला आली. सुईणीनं तपासलं, सगळं ठीक होतं. निघता निघता तिची नजर ताटलीतल्या सफरचंदाच्या पांढऱ्या फोडींवर गेली.

“हे कधी चिरलंय?”

“परवा,” बायको म्हणाली.

सुईणीनं अढीवाल्याच्या जांभळ्या मिशा न्याहाळल्या. “या घरात काही पिकतच नाहीये,” ती म्हणाली. “काका, तुम्ही आधी बाहेर व्हा.”

ज्याच्या लग्नात नाचायचं त्याचीच वाट आपण अडवून बसलोय, हे कळल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेला. खिडकीतून बायकोनं हातानंच खुणावलं, अजून लांब. चालत चालत तो वखारीच्या मागे पोचला. तिथे काळी पडलेली, टाकून दिलेली केळी ढिगानं पडली होती. जन्मभर त्यानं त्यांना नाक मुरडलं होतं. आता एकदाचं पिकायचंच ठरवून तो मांडी घालून बसला आणि एकेक सोलून खाऊ लागला.

बऱ्याच वेळानं उजवा गुडघा कुरकुरला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं त्या गुडघ्याला थोपटलं. मग डावाही कुरकुरला, आणि मिशीला हात लावला तर बोटात पांढरा केस आला. तो लंगडत घराकडे निघाला. दाराशी पोचला तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

नात झाली होती. लेकीनं दमलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “पिकलात की हो, बाबा.”

“वेळेवर पिकलो, पोरी,” तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं भीतभीत तुतीचा विषय काढला. बायको नाही म्हणाली नाही. रोज मूठभर खुशाल खा, म्हणाली, पण मूठ कुणाची ते मी ठरवणार. तिनं नातीची मूठ हळूच उघडली. तिच्यात एकच तुती मावली.