हाय की

मित्रांनो, मी गळ्यात अडकवायचा एक जुना निरोप्या आहे. साबणाच्या वडीएवढा, पिवळा, एका कडेला चेपलेला. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका खोलीत माझी जोडणी झाली आणि मला आजऱ्याकडच्या एका वाडीत पाठवले. तिथे मोबाईलला रेंज येत नाही, हत्ती मात्र येतो. तो दिसला की शेतकऱ्याने आमचे बटण दाबायचे. मग तो निरोप एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, असा खालपर्यंत जायचा.

भरवसा कुणावर ठेवायचा, हे आमचे आम्हीच ठरवत असू. अधूनमधून शेजाऱ्याला विचारायचे, आहेस का? 'हाय की' असे उत्तर आले की त्याला एक गुण. ज्याचे गुण जास्त, त्याच्याच हाती निरोप द्यायचा.

माझे मालक कृष्णात. घामाने मी खराब होऊ नये म्हणून ते मला सदऱ्यावर ठेवत. आमच्या काजूच्या बागेला लागून वर हंबीररावांची बाग. त्यांचा निरोप्या सर्वांत गुणी. विचारायचा अवकाश, हाय की.

एकदा ओढ्यावर हंबीरराव म्हणाले, "आमी मागचं बटण फिरवून ठेवलंय, निरोप येतो पर फुडं जात न्हाई. आपल्याला ऐकू आलं म्हंजे झालं. दुसऱ्याचं निरोप वाहून बॅटरी कोण जाळंल?"

"आन् माझ्यापतूर कसा यायचा, आण्णा?"

"तुझं पाय लांब हाईत. पळशील की."

कृष्णातांना ती थट्टाच वाटली. ते हसले.

काजूच्या हंगामातल्या एका संध्याकाळी हंबीररावांच्याही वर शेत असलेल्या झुंबरबाईंना हत्ती दिसला आणि त्यांनी बटण दाबले. त्यांच्या निरोप्याने सर्वांत गुणी शेजारी निवडला. निरोप ऐकून हंबीरराव थबकले, त्यांनी फाटक लावले आणि ते घराकडे निघाले. झुंबरबाईंनी ते वरून पाहिले. त्यांना वाटले, निरोप पोचला.

माझ्यापर्यंत निरोप आलाच नाही, मी मुकाच होतो. कृष्णात वाकून बोंडे वेचत होते. हत्ती मागून आला, लांब पायांना पळायला वेळच मिळाला नाही. माझी कड तेव्हाच चेपली.

पुढे, कृष्णातांच्या माघारी, वाडीच्या सभेत हंबीररावांच्या निरोप्याला सर्वांत जास्त गुण म्हणून हार घातला.

कृष्णातांची मुलगी क्रांती उठली. "काका, त्या सांजंला तुमचा निरोप्या चालू हुता न्हवं? मग माझ्या आप्पांपतूर निरोप का न्हाई आला?"

"मला काय म्हाईत, पोरी? मशीनचं काम." त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

क्रांतीने पेढा तसाच बाकावर ठेवला.

आता ती बाग बघते आणि मला गळ्यात घालते. परवा हत्ती आमच्या बांधावर आला. हंबीरराव खाली ओढ्यात हातपाय धूत होते. क्रांतीचा अंगठा बटणावर थांबला. मग तिने ते दाबले. मला किळस येत होती, तरी मी निरोप दिला. हंबीरराव चपला तिथेच टाकून पळाले.

सकाळी त्यांच्या निरोप्याला विचारले, आहेस का?

हाय की, तो म्हणाला. मागचे फिरवलेले बटण होते तिथेच होते.

मित्रांनो, एवढ्या उत्तरावर कुणाला गुण देऊ नका. त्याच्या पलीकडे जो उभा आहे, त्याला जाऊन विचारा, निरोप पोचला का.