मडगार्डवरचा तांबडा डाग

भाऊजी सकाळी चहाला येणार होते आणि त्यांच्या गाडीचं तोंड किड्यांनी बरबटलेलं होतं.

सासूबाई शेवटपर्यंत अरविंद भाऊजींकडेच राहिल्या. त्यांच्या तेराव्याला भाऊजी आणि माझा नवरा चेतन यांच्यात कडाक्याचं वाजलं. तेव्हापासून भाऊजींनी आमच्या शनवारा मोहल्ल्यातल्या घराची पायरी चढली नव्हती. या आठवड्यात चेतनची मोटरसायकल बंद पडली. तुकईथडच्या शाळेत शिकवायला जायचं कसं, म्हणून त्यानं नाक मुठीत धरून भावाला फोन केला. भाऊजींनी आपली मोटरसायकल दिली. वर म्हणाले, रविवारी मीच येतो न्यायला, चहा ठेवा. या चहासाठी मी किती देव पाण्यात घातले होते ते माझं मला ठाऊक. गाडीला एक ओरखडा दिसला असता तर सगळं पुन्हा फिसकटलं असतं.

शनिवारी चेतनला परतायला उशीर झाला. केळीच्या बागांमधून रस्ता, हेडलाइट लागला की किडे तुटून पडतात. रात्रभर वाळून ते मडगार्डवर असे घट्ट बसले होते की नखानं निघेनात. मी सरळ भांड्यांची तारेची घासणी आणली.

"पागल झाली का? रंग निघून जाईल." चेतननं ती हिसकावून घेतली. "रगडायचं नाही. पहले भिजू दे त्याला, मग आपोआप निघते."

बादलीत शाम्पू कालवला, जुना पांढरा टॉवेल बुचकळून मडगार्डवर अंथरला आणि बसलो. घासायचं काम असतं तर मी केलं असतं. हे वाट बघणं मला जमत नाही. गल्लीत कुणाची चप्पल वाजली तरी मी उठून बघायची.

"झालं का?"

"थांब न थोडं. जल्दी केली तर खरोच येईल."

शेवटी मीच टॉवेल उचलला. किडे खरंच मऊ झाले होते, बोटानं सरकवले की घसरत होते. मधोमध मात्र एक तांबडा डाग होता, पसरून आकार गेलेला, तेलकट आणि हट्टी. रक्त पिऊन फुगलेला एखादा किडा असणार, असं म्हणत मी टॉवेल पुन्हा भिजवून तिथं दाबून धरला. टॉवेलवर तांबूस रंग उतरला आणि मडगार्ड लख्ख झालं. ओरखडा एकही नाही. मला माझंच कौतुक वाटलं.

भाऊजी आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डपाशी वाकले आणि तसेच राहिले.

"इथलं स्वस्तिक कुठं गेलं?"

चेतननं माझ्याकडे बघितलं.

"आईनं काढलं होतं, दसऱ्याला. तेलात शेंदूर कालवून." ते आमच्याकडे बघत नव्हते. "तेवढी जागा सोडून मी गाडी धुतो."

तो सासूबाईंचा शेवटचा दसरा. मी तोंड उघडणार तोच चेतन म्हणाला, "मी पुसलं दादा. मला मालूम नव्हतं."

"नाही भाऊजी, मी पुसलं," मी म्हणाले. "मला किड्याचं रक्त वाटलं."

आता भाऊजी किल्ली मागणार आणि पुन्हा कधी येणार नाहीत, हे मी धरूनच चालले. भाऊजींनी बादलीच्या काठावरचा टॉवेल उचलला. पिळला नाही. तांबूस भाग आत घेऊन घडी घातली आणि छातीशी धरला. इस्त्रीचा शर्ट ओला झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"हा मी नेतो," ते म्हणाले.

"दादा," चेतनचा आवाज फाटला, "माझ्यापाशी आईचं काहीच नाही."

तेराव्याला एवढी भांडणं झाली, पण हे एक वाक्य तो तेव्हा बोलला नव्हता. मला रडू आवरेना.

भाऊजींनी हातातल्या घडीकडे बघितलं. मग ती त्यांनी चेतनच्या हातात दिली.

"इथंच राहू दे मग," ते म्हणाले. "मी येत जाईन."