उंबराभोवतीच्या फेऱ्या

राजाबाईनं दोन्ही हातांत दोन कळश्या उचलल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि परसातल्या उंबराभोवती पळायला सुरुवात केली. पाणी आतल्या आत डचमळत होतं. दहा फेऱ्या झाल्या की कळश्या खांद्यापर्यंत उचलायच्या, वीस वेळा, आणि धाप शमायच्या आत पुन्हा पळायचं.

हा व्यायाम तिनं पुष्कळ विचार करून निवडला होता. बेळगावच्या मैदानावरच्या पोलीस भरतीला महिनाही उरला नव्हता. तिथं पळायचं होतं, लोखंडी गोळा फेकायचा होता. संकेश्वरच्या रस्त्यावर पळावं, तर साऱ्या निपाणीला दिसणार. तालमीत बाईमाणसाला पाय ठेवता येत नसे. दोरीवरच्या उड्यांनी दम वाढेल, पण दंडात ताकद कुठून येणार? राहिला घरचा उंबर आणि तांब्याच्या दोन कळश्या.

त्या दिवसांत निपाणीच्या सकाळीला तंबाखूचा कडसर वास असायचा. वखारीकडं निघालेल्या बाया कुंपणाशी थांबत. दत्ताचा उंबर, हातात पाण्याच्या कळश्या, तोंडातून शब्द नाही. पोरीनं खडतर व्रत धरलंय, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. एकीनं तर आत येऊन तिच्या पावलांवर हळदकुंकू वाहिलं. दुसरी हसून म्हणाली, "नवरा लई लवकर पायजे जणू. पळतीया बघ."

आई नागुबाईनंही एकदा विचारलं होतं, "व्रत धरलंस व्हय?"

राजाबाई नुसतं "हं" म्हणाली होती. नागुबाईचा गुरुवार कधी चुकला नव्हता आणि तिला खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी आई भाकरी वाढत होती, तेव्हा राजाबाईनं ताटावरची नजर वर केली नाही.

व्रताची बातमी संकेश्वरला पोचली आणि एका सकाळी तिथून जयाबाई आल्या, नारळ आणि खण घेऊन. त्यांचा मुलगा साखर कारखान्यात कायम झाला होता. अशी धार्मिक सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, म्हणाल्या. साखरपुडा याच पंधरवड्यात उरकू, आणि तोवर पोरीला घराबाहेर पाठवू नका. नागुबाई पाच वर्षं लेकीसाठी स्थळं बघत होती, नवऱ्यामागं एकटीनं. एवढं चांगलं स्थळ आजवर कधी आपल्या पायांनी दारात आलं नव्हतं.

"व्रत कशाचं म्हणायचं हे?" जयाबाईंनी विचारलं. "उद्यापन आमच्या घरी करू की."

दाराआड उभ्या राजाबाईनं चौकट घट्ट धरली. नागुबाईनं चहाची बशी खाली ठेवली.

"व्रत न्हाय ते," ती हळू म्हणाली. "पोलिसात जायाचं हाय तिला. त्याची तयारी चाललीया."

जयाबाईंनी राहिलेला चहा संपवला. मग खण पिशवीत परत ठेवला आणि संकेश्वरची यष्टी किती वाजता आहे, ते विचारलं.

त्या गेल्यावर राजाबाई दाराआडून बाहेर आली. तिनं विचारलं, "आई, तुला कसं कळलं गं?"

"परदक्षणा घालणारी बाई पळती व्हय कधी? अन् उंबराकडं बघायचं सोडून तू खिडकीतलं घड्याळ बघतीस."

"मग तवाच का न्हाय बोललीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो हुतो." नागुबाई उठली, बशा गोळा केल्या, पुन्हा खाली ठेवल्या. "लई चांगलं स्थळ हुतं."

ती परसात गेली. मागोमाग राजाबाईही. नागुबाईनं एक कळशी उचलून पाहिली, कानाशी नेऊन हलवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अर्धीच भरतीस?"



नागुबाईनं हौदातून तांब्यामागून तांब्या पाणी काढलं आणि दोन्ही कळश्या गळ्यापर्यंत भरल्या. मग बाजूला होऊन तिनं लेकीला वाट करून दिली.