बारावा महिना

खोली शोधायला निघालेल्या माणसाचा चेहरा तुम्हाला ठाऊक आहे, मंडळी. वाळूजच्या कंपन्यांभोवतीच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी उभे राहा, दोन-चार तरी दिसतील. पुढं नवरा दारावरच्या पाट्या वाचत चाललेला, मागं बायको. 'खोली भाड्याने देणे आहे' असं दिसलं की थांबायचं, भाडं विचारायचं, ऐकून 'बरं, सांगतो' म्हणायचं आणि पुढच्या गल्लीला लागायचं. हे 'बरं, सांगतो' आपल्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी म्हटलेलं आहे. पण स्वतःच्या चार खोल्या उभ्या राहिल्या की म्हटलेलं विसरायला होतं, ही आपली जुनी खोड.

काकासाहेबांना पाटी लावायची गरजच पडत नसे. त्यांच्या आवारात दहा खोल्या होत्या आणि त्यातली एखादी नेहमीच रिकामी होत असायची, कारण काकासाहेबांचा नियम होता. अकरा महिने झाले की बिऱ्हाड हलवायचं. करार पुन्हा करायचा नाही. भाडेकरू कितीही गुणाचा असो, भाडं वेळेवर देवो, अंगण झाडो, बारावा महिना कुणाला मिळायचा नाही. कारण विचारलं तर ते दोनच शब्द बोलायचे. "कूळ लागतं."

आता हे कूळ काय प्रकरण होतं, ते सांगतो. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि पाठोपाठ कूळकायदा आला. काकासाहेब तेव्हा लहान होते. ओढ्याकाठचं काळंभोर रान त्यांच्या घराण्याचं, पण नांगर धरायचा रस्त्यापलीकडच्या फकिराचा बाप, आणि त्याच्या आधी फकिराचा आजा. कायद्यानं ते रान कसणाऱ्याच्या नावावर झालं. काकासाहेबांच्या वडिलांनी हाय खाल्ली. मरेपर्यंत पोराला एकच सांगत राहिले, "कुणाला वर्षभर टिकू देऊ नको." पुढं उरलेली जमीन कंपन्यांसाठी गेली, त्या पैशातून खोल्या बांधल्या गेल्या, आणि रानातली ती भीती खोल्यांना येऊन चिकटली. अहो, रानाला आणि खोलीला एकच कायदा असतो का, एवढं एखाद्या वकिलाला विचारलं असतं तरी भागलं असतं! पण ते विचारायचं काकासाहेबांच्या कधी मनात आलं नाही. आणि खरं सांगू का, ही भीती त्यांना परवडतही होती. बिऱ्हाड उठलं की नव्या माणसाला नवं भाडं. त्यांचं बघून शेजाऱ्यानं तेच केलं, शेजाऱ्याचं बघून पलीकडच्या गल्लीनं. गावातलं भाडं असं चढत गेलं, आणि कंपनीत राबणारा माणूस कंपनीपासून लांब, माळाकडं सरकत गेला.

दहा खोल्यांच्या मधोमध काकासाहेब एकटे राहायचे. द्वारकाबाई, त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला मुलगा पुण्यात, धाकटा मस्कतला. सकाळची शिफ्ट गेली की आवारात नळाच्या थेंबाचा आवाज ऐकू यायचा. काकासाहेब ओट्यावर बसायचे. कुणी येता-जाता "काय मालक" म्हणायचं, ते मान हलवायचे, की झालं दिवसभराचं बोलणं. माणसांनी भरलेल्या आवारात इतकं एकटं राहता येतं, यावर बाहेरच्याचा विश्वास बसला नसता.

चार नंबरच्या खोलीत त्रिंबक आणि त्याची बायको सखूबाई राहत होती. मूळचं घर मेंढपाळाचं. त्रिंबक कंपनीत कंत्राटावर, आणि सखूबाई डबे करायची. आसपासच्या खोल्यांतली एकटी पोरं शिफ्टला जाताना तिच्या दारातून डबा उचलायची आणि येताना रिकामा ठेवून जायची. सगळा धंदा त्या गल्लीवर. काकासाहेबांचाही डबा तिच्याकडेच होता. त्यांच्या दाढा गेलेल्या, हे तिनं न सांगता ओळखलं होतं. त्यांची भाकरी ती पातळ आणि मऊ थापायची, वरणात कुस्करली की विरघळावी अशी. आणि हाक मारायची 'बाबा'. साऱ्या आवारात मालक न म्हणणारी ती एकटीच.

तिचे अकरा महिने भरत आले. एका सकाळी डबा घ्यायला हात पुढं करत काकासाहेब म्हणाले, "बाई, महिनाअखेर खोली मोकळी करून द्या."

सखूबाईच्या हातात डबा तसाच राहिला. "बाबा, काही चुकलं का आमचं?"

"चुकलं काई नाय. नियम हाय."

"भाडं वाढवायचं असंल तर तसं सांगा. वढाताण करू, पण देऊ. इथून उठले तर माझे डबे तुटले. माळावरून इथं कोण येतंय डबा न्यायला?"

"कूळ लागतं, बाई. तुला नाय कळायचं ते."

सखूबाई उंबऱ्यावर बसली. तिचा आवाज चढला नाही.

"आमच्या सासऱ्याची मेंढरं खुलताबादच्या डोंगराखाली बसायची. ठरलेल्या रानात. रानाचा मालकच सांगावा धाडायचा, औंदा कवा येता म्हणून. मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं, आन् आमाला जवारी. पिढ्या गेल्या, बाबा, कुणी कागद केला नाय. आमी फिरस्ते, तरी आमची रानं ठरलेली व्हती. आन् आता चार भिंतीत ऱ्हातो, तर एक जागा ठरंना. कंपनी ह्यांला सात महिन्याला ब्रेक देती, परमनंट करावं लागू नये म्हणून. तुमी अकराला उठवता. आमी परमनंट व्हायचं तरी कुठं?"

काकासाहेबांनी डबा घेतला आणि ते घरात गेले. नियम काही बदलला नाही. माणूस आपल्या चुकीला नियम म्हणू लागला की त्याला हलवणं अवघड.

महिना संपत आला तशी एक गंमत झाली. गंमतच म्हणायची, कारण ऐकणाऱ्याला हसू येतं. मस्कतच्या मुलानं बापाचा पासपोर्ट काढायला घातला होता. नातीचं तोंड काकासाहेबांनी फोटोतच पाहिलेलं, तिला बघायला जायचं होतं. पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार आला. चहा झाला, कागद पाहून झाले, मग तो म्हणाला, "शेजारचा एक माणूस बोलवा, काका. तुम्हाला निदान वर्षभर ओळखतो असा. सही घेतो आणि निघतो."

"त्यात काय एवढं?" म्हणत काकासाहेब उठले.

पहिल्या खोलीतला पोरगा म्हणाला, "मालक, मी तर दिवाळीनंतर आलो." दुसरीतला परवा आलेला. तिसरीला कुलूप. पाचवीतल्या माणसानं पेन हातात घेतला आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय, मालक?" काकासाहेबांनी त्याच्या हातातून पेन परत घेतला. पुढच्या खोल्या झाल्या, पलीकडच्या आवारात गेले, तिथंही तेच. भाऊबंद जमिनी विकून कधीच शहरात गेलेले, त्यांच्या घरातही भाडेकरू, तेही अकरा महिन्यांचे. जन्म ज्या गावात गेला तिथं हा म्हातारा आपल्या ओळखीचा एक माणूस शोधत दारोदार फिरत होता!

परत येताना चार नंबरच्या दारात सखूबाई भांडी पोत्यात भरत होती. ती म्हणाली, "मी केली असती सही, बाबा. तुमचं नाव, गाव, द्वारकाकाकूंचं नाव, समदं ठाऊक हाय मला. पण वर्ष कुठं झालं? तुमीच होऊ देईनात."

हवालदार घड्याळ बघत होता. "उद्या परत येऊ का?" म्हणाला. तेव्हा काकासाहेबांना रस्त्यापलीकडचं घर आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते रोज डोळ्यांसमोरच होतं. फकिराचं घर. त्याचा बाप तो कूळ, ज्याच्या नावावर ओढ्याकाठचं रान झालं. लहानपणी दोघं त्याच ओढ्यात डुंबलेले, आणि कायदा आल्यापासून एकमेकांशी चकार शब्द बोललेले नव्हते.

हवालदाराला बसवून काकासाहेब रस्ता ओलांडून गेले. फकिरा बाजेवर बसला होता. त्यानं पाहिलं, सरकून जागा केली आणि म्हणाला, "ये. लई उशीर केलास."

काकासाहेबांनी कसंबसं काम सांगितलं. फकिरा काठी टेकत त्यांच्याबरोबर आला, कागदावर सही केली. "किती वर्षांपासून ओळखता?" हवालदारानं विचारलं. फकिरा म्हणाला, "चड्डी नव्हती तवापास्नं." हवालदार हसत निघून गेला.

फकिरा मात्र गेला नाही. ओट्यावर बसला. पाणी पिऊन म्हणाला, "काकासाहेब, रागवू नको. तुझ्या बापाचं दुःख मला कळतं. जमीन जाणं सोपं नसतं. पण ती आमच्याकडं आली ती वर्षभर ऱ्हायलो म्हणून नाय. दोन पिढ्या राबलो म्हणून आली. ह्या पोरांनी तुझ्या खोलीत काय नांगर चालवलाय?"

"खोलीला नाय लागत कूळ?"

"रानाचा कायदा निराळा, खोलीचा निराळा. अकरा महिन्यांचा कागद संपला की दुसरा करायचा, सही करायची. लोक वर्षानुवर्षं ऱ्हातात तसं. तालुक्याला कुणीबी सांगंल तुला. तू विचारलंच नाय."

फकिरा थांबला नाही.

"आन् लागलं असतं तरी काय रे? कूळ नको, कूळ नको म्हणत ऱ्हायलास. वहिनी गेल्या, पोरं परमुलखात. आज दहा खोल्यांत तुला वर्षभर ओळखणारा माणूस सापडंना. कूळ म्हंजे घराणंबी असतं, घरात माणूस टिकू दिला तर घराला कूळ म्हणायचं. तुझ्याकडं नुस्त्या भिंती हायत. माझा पोरगाबी तुझं बघून खोल्या बांधून बसलाय, आन् अकरा महिन्याला लोक उठवतो. सांगून थकलो मी. म्हणतो, काकासाहेब करतात, मग मी काय येडा हाय?"

हे शेवटचं काकासाहेबांना फार लागलं. आपल्या भीतीनं आपण एकटे पडलो, हे त्यांनी सोसलं असतं. पण आपलं बघून गाव तसंच वागायला लागलं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"ती चार नंबरची बाई," ते म्हणाले, "तिला थांबवतो."

पण चार नंबरचं दार सताड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. ते दोघं बोलत बसले होते तेवढ्यात मागच्या फाटकाला टेम्पो लागून निघूनही गेला होता. ओट्याच्या कोपऱ्यावर काकासाहेबांचा डबा ठेवलेला होता, भरलेला. ते पाहून त्यांना रडू आलं. फकिरा शेजारी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब रिक्षा करून माळावर गेले. तिथं नवीन खोल्यांची रांग होती, पत्र्याच्या, ना झाड ना दुकान. विचारत विचारत ते दारात पोचले. सखूबाई रिकाम्या चुलीसमोर बसली होती. त्रिंबक लांबून पाण्याचा हंडा घेऊन येत होता.

"बाई, चल माघारी," काकासाहेब म्हणाले.

सखूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. "किती महिन्यांसाठी, बाबा?"

या प्रश्नाला ते आयुष्यभर एकच उत्तर देत आले होते. आज ते बदललं.

"मोजू नको. मी हाय तवर तर कुणी उठवणार नाय. दरसाल कागद नवा करू. भाडं हाय तेच."

त्रिंबकनं हंडा खाली ठेवला. "पण आता कसं यावं? हितलं महिन्याचं भाडं देऊन बसलो, मालक. तो माणूस परत करायचा नाय. दोन्हीकडं नाय झेपणार."

"मग महिना संपल्यावर या. खोली तशीच ठेवतो."

तो महिना काकासाहेबांनी खोली रिकामी ठेवली. रोज कुणी ना कुणी विचारायला यायचं, जास्त भाडं देतो म्हणायचं, आणि ते सांगायचे, "माणसं यायची हायत." संध्याकाळी ओट्यावर ते तसेच एकटे असायचे. पण पूर्वी ते कुणाची वाट बघत नसत, आता बघत होते. वाट बघण्यानं एकटेपणा कमी होत नाही, उलट जास्त टोचतो, हे त्यांना त्या महिन्यात कळलं. कधी कधी फकिरा यायचा.

महिना सरला आणि टेम्पो आला. तुटलेले डबे पुन्हा जमवायला सखूबाईला बरेच दिवस लागले. काही पोरं तोवर दुसरीकडं राहायला गेली होती, ती परत मिळाली नाहीत. झालेलं नुकसान असं सगळंच्या सगळं भरून येत नसतं. पण मेमध्ये तिला त्या खोलीत बारावा महिना लागला, मग तेरावा. काकासाहेबांची एक वीट कुणी नेली नाही. पाच नंबरवाल्याचा कागद संपला तेव्हा त्यांनी त्यालाही बोलावलं, नवा कागद केला. सही करताना त्या माणसानं मालकाचं पूर्ण नाव न विचारता लिहिलं.

बंधूंनो आणि भगिनींनो, खोली भाड्यानं देणं हा गुन्हा नाही. घामाच्या पैशातून बांधली असेल तर भाडंही जरूर घ्या. पण वाढीव भाड्याच्या लोभानं, नाही तर ऐकीव भीतीनं, बसलेलं बिऱ्हाड उठवू नका. तुम्ही एक उठवता, तुमचं बघून गल्ली उठवते, आणि ज्यांच्या कष्टावर हे शहर चाललंय त्यांना शहरात जागा उरत नाही. त्यांना टिकू द्या. उद्या तुमच्या दारात कुणी येऊन विचारलं, की या माणसाला ओळखणारं इथं कोण आहे, तर आतून कुणीतरी बाहेर यायला हवं.