पट्टा बदलला, पण कोणता?

मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे किती, ते माझ्या दारांना विचारा. तीन दारे कुरकुर करून सांगतील. चौथे रुसून बसले आहे, ते आतून उघडतच नाही. रंगाने मी हिरवी आणि अंगाने गोलमटोल. म्हणून घरातल्या लेकीने, ती तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती, मला बघताच 'वाटाणी' म्हणून हाक मारली. मित्रांनो, घरच्यांनी माझे नाव ठेवले आणि शेजारच्यांनी मला नावे ठेवली, एवढाच काय तो फरक!

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा ठोकला, रंग चढला, काचा बसल्या. सगळ्यात शेवटी माझ्या पोटात इंजिन आले. एका कामगार बाईने त्याच्या कडेच्या दोन चाकांवर एक काळा, दातेरी, रबरी पट्टा चढवला, त्याला बोटाने टिचकी मारली, समाधानाने मान डोलावली आणि वरून झाकण लावून टाकले. त्यानंतर कित्येक वर्षे त्या पट्ट्याचे तोंड कुणी पाहिले नाही.

पण सगळा कारभार त्याच्याच जिवावर चालला होता. इंजिनात खाली पिस्टन वर-खाली धावत असतात आणि वर बारीक झडपा उघडत-मिटत असतात. जागा एवढीशी. अरुंद बोळातून दोघांनी जायचे, पण समोरासमोर कधी यायचे नाही. हा ताळमेळ तो पट्टा राखतो. त्याचा नेम अगदी साधा: खालचे चाक दोनदा फिरले की वरचे एकदा फिरवायचे. ना कमी, ना जास्त. ऊन असो, थंडी असो, कुणी पाहो न पाहो, त्याने नेम कधी मोडला नाही. खरे व्रत असेच असते, नाही का? त्याचा आवाज होत नाही.

मी ज्या घरी आले, त्या घरातल्या बाई चष्मे करायच्या. दुकान होते, पण त्यांचे मन दुकानात रमत नसे. "ज्यांना दिसत नाही, ते दुकान शोधत कसे येतील? आपणच जायला नको का?" असे म्हणून त्यांनी माझ्या डिकीत भिंगांची लाकडी पेटी, अक्षरांचा तक्ता आणि चष्म्यांच्या चौकटी भरल्या. एक बारीकसा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या अंबाड्यात कायम खोचलेला असायचा. रोज सकाळी निघताना त्या माझ्या बॉनेटवर तळवा ठेवत आणि हळूच म्हणत, "चल गं बाई."

जिथे बस जात नाही, तिथे आम्ही दोघी जात असू. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात, खाणीजवळच्या चाळींत, विणकरांच्या शेडमध्ये. एकदा एका आजीने चष्मा चढवला, मांडीवरच्या पणतीकडे पाहिले आणि ओरडलीच, "अगंबाई! हिच्या पापण्या केवढ्या लांब आहेत! आणि मला कुणी सांगितलं नाही ते?" सगळे हसले. मी बाहेर उभी होते, पण माझ्या काचाही चमकल्या असतील.

बाईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. स्वभावाने फार काटेकोर. माझी देखभाल त्यांच्याकडे होती आणि ते मला नेमाने मिस्त्रींकडे नेत. मिस्त्रींचे गॅरेज चौकापलीकडे होते. त्यांना गावाने 'फौजदार' नाव दिले होते, कारण गाडी आणणाऱ्याला ते आधी झापत आणि मग गाडी बघत. पण कान असा तयार, की गाडी फाटकाबाहेर असतानाच दुखणे ओळखत.

एकदा त्यांनी माझा किलोमीटरचा आकडा बघितला आणि म्हणाले, "मास्तर, पट्ट्याचं वय झालंय. बदलून घ्या. उगाच जिवाशी खेळ नको."

मास्तरांनी ते ऐकले आणि मनावर घेतले. दुसऱ्याच दिवशी ते मला सीट कव्हरच्या दुकानात घेऊन गेले आणि बसणाऱ्यांनी छातीवरून लावायचे पट्टे, चारच्या चार, नवे करकरीत बसवून आणले!

मित्रांनो, तेव्हा मला बोलता येत असते तर! मी आपली हॉर्नने ओरडू शकते, पण हॉर्नचे बटण माणसाच्या हातात.

पुढच्या खेपेला मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली आडवे होते. तिथूनच त्यांनी विचारले, "काय मास्तर, पट्टा बदलला का?"

"बदलला म्हणजे काय, लगेच बदलला!" मास्तर अभिमानाने म्हणाले. "अगदी उत्तम काम केलंय हो त्या माणसाने."

मिस्त्रींना वाटले, हे काम मास्तरांनी आपल्याला सोडून दुसऱ्याच गॅरेजात करून घेतले. ते मनातून दुखावले. "बरं झालं," एवढेच म्हणाले आणि पुन्हा कधी विचारले नाही. एकाने 'कोणता' विचारले नाही आणि दुसऱ्याने 'कुणाकडून'. एवढ्या दोन शब्दांवाचून माझ्या पोटातला म्हातारा पट्टा पुढे दोन वर्षे फिरत राहिला. त्याच्या कडांना भेगा पडल्या, पण त्याने कुरकुर केली नाही.

मग एके सकाळी, टेकडीच्या चढावर, तो तुटला.

आवाज फार मोठा झाला नाही. फट् झाले, त्यामागून कडकड झाली आणि माझा श्वासच बंद पडला. वरच्या झडपा होत्या तिथेच उघड्या राहिल्या आणि धावत आलेले पिस्टन त्यांच्यावर जाऊन आदळले. बाईंनी मला रस्त्याच्या कडेला घेतले. मास्तर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पुन्हा चावी फिरवून बघ."

"नको हो," बाई म्हणाल्या. "कसला तरी वाईट आवाज झाला. दुखऱ्या पायावर उभं राहा म्हणण्यासारखं होईल."

त्यांच्या या एका 'नको'ने माझे पुढचे हाल वाचले. पुन्हा चावी फिरवली असती, तर आतली मोडतोड आणखी वाढली असती.

मला दोरीने ओढत गॅरेजात आणले. मिस्त्रींनी झाकण काढले आणि आतून पट्ट्याची लक्तरे हातात आली.

"मास्तर! हा काय बदललेला पट्टा?"

"अहो, हा नव्हे, ते!" मास्तरांनी दार उघडून छातीवरचा पट्टा सर्रकन ओढून दाखवला. "हे बघा. चारही!"

मिस्त्री त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग मास्तरांकडे. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. मला वाटले, आता फौजदार बरसणार. पण टोपीआडून खदाखदा हसू बाहेर पडले. बाईही हसू लागल्या आणि मास्तर बिचारे एवढेसे झाले.

"हसण्यावारी नेऊ नका, वहिनी," हसू आवरून मिस्त्री म्हणाले. "पिस्टन फुटला असेल तर हिचा जीव गेलाच म्हणून समजा. भंगारात. नुसत्या झडपा वाकल्या असतील तर वाचवतो."

मी बंद, तर त्यांच्या फेऱ्याही बंद. मास्तर गेले वर्षभर म्हणतच होते, "आता पुरे झालं. वाटाणी थकली की तूही दुकानात बस." आणि बाईंनी ते कबूल केले होते. आता दिलेला शब्द समोर येऊन उभा होता.

मिस्त्रींनी इंजिनाचे डोके उतरवले. आठ झडपा. बाई एकेक मोजत होत्या. पहिली वाकलेली. दुसरी वाकलेली. तिसरी सरळ! अशा एकूण पाच वाकल्या होत्या. मग पिस्टनही बाहेर काढले. त्यांच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे खळगे पडले होते, पण भेग? मिस्त्री एकेक पिस्टन नाकापाशी नेत, लांब धरत, पुन्हा नाकापाशी नेत.

"भेग नसावी बहुतेक," ते म्हणाले.

"बहुतेक?" बाईंनी हात पुढे केला. "आणा इकडे." त्यांनी आपले भिंग डोळ्याला लावून चारही पिस्टन उजेडात फिरवून पाहिले. "नाहीये. एकालाही नाहीये. नुसते खळगे आहेत."

"खळगे चालतात. मग हिला आयुष्य आहे," मिस्त्री म्हणाले.

पिस्टन परत जागेवर गेले, नव्या झडपा आल्या, घासून बसवल्या, डोके जागेवर चढले. मग नवा पट्टा आला. त्याचा तो रबरी वास मला किती वर्षांनी आला! पण पट्टा कसाही चढवून चालत नाही. दोन्ही चाकांवर बारीक खुणा असतात. त्या जागच्या जागी जुळवून मगच पट्टा घालायचा. मिस्त्रींनी खुणा जुळवल्या, पट्टा ताणला आणि पान्याने इंजिन हाताने सावकाश फिरवायला घेतले. जाणता माणूस पहिल्यांदा चावी लावत नाही, हाताने फिरवून बघतो.

टक्. पाना अडला.

मिस्त्री थबकले. पट्टा उतरवला, पुन्हा खुणा जुळवल्या, पुन्हा चढवला. पुन्हा टक्. माझ्या नव्या झडपा धास्तावल्या. मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला. "पट्टाच चुकीचा पाठवलाय मेल्यांनी!" ते ओरडले. "कामं करायची अक्कल नाही कुणाला!"

बाई शांतपणे त्यांच्याकडे बघत होत्या. सगळा जन्म त्यांनी डोळे बारीक करणाऱ्या माणसांत काढला होता. त्या माझ्या मागे गेल्या, डिकीतून भिंगांची पेटी काढली आणि येताना बाजूला पडलेला पट्ट्याचा कागदी खोकाही उचलून आणला.

"मिस्त्री, या खोक्यावर काय लिहिलंय हो?"

मिस्त्रींनी खोका हातभर लांब धरला. "लिहिलंय... पट्टा म्हणून."

"ती कंपनीची सूचना आहे. खोका ओला करू नका म्हणून."

मास्तरांना जोराचा खोकला आला. मिस्त्री खवळले. "मला दिसतं वहिनी! आणि मी कानांनी काम करतो. डोळ्यांचं काय एवढं!"

"करता ना. तुमच्यासारखा कान पंचक्रोशीत नाही. पण खुणेला आवाज नसतो हो," बाई मऊपणे म्हणाल्या. "किती वर्षं झाली?"

मिस्त्री बराच वेळ पान्याशी चाळा करत राहिले. "झाली असतील तीन," ते शेवटी म्हणाले. "फौजदाराला चष्मा लागला म्हटल्यावर कोण घाबरणार मला?"

"चष्मा लावून झापलंत तर जास्त घाबरतील. समोरचा नीट दिसेल तुम्हाला."

माझ्या बॉनेटवर पेटी उघडली. बाईंनी मिस्त्रींच्या काळ्या, तेलकट नाकावर चौकट ठेवली आणि एकेक भिंग घालत विचारले, "हे बरं, की हे?" चौथ्या भिंगाला मिस्त्रींनी आपल्याच हाताकडे पाहिले, उलटा-सुलटा केला. मग ते माझ्यावर वाकले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "इथे दोन खुणा आहेत."

"हो?"

"एक खरी आहे. दुसरा नुसता ओरखडा आहे. मी ओरखड्यावर जुळवत होतो."

या वेळी पान्याची फेरी कुठेही अडली नाही. एक, दोन, तीन, चार. लोण्यातून सुरी फिरावी तशी. मिस्त्रींनी पट्ट्याला टिचकी मारली आणि मान डोलावली, अगदी त्या कारखान्यातल्या बाईसारखी. मग त्यांनी चावी बाईंच्या हातात दिली. बाईंनी बॉनेटवर तळवा ठेवला.

"चल गं बाई."

आणि मी चालले! पहिल्याच हाकेला! मास्तरांनी आनंदाने टाळ्या पिटल्या आणि म्हणाले, "जा, तुझ्या फेऱ्या चालू दे. शाळा सुटली की दुकानाचं मी बघतो."

मिस्त्रींना चष्मा लागल्यापासून गॅरेजातला केर रोज निघतो, कारण आता तो त्यांना दिसतो. आणि आमच्या घरी कुणी काहीही आणायला सांगितले की मास्तर आधी विचारतात, "कोणता?" लेक त्यांना चिडवते, "बाबा, पाणी आणा म्हटलंय, त्यात कोणतं काय?" तरी ते विचारतातच.

तर मित्रांनो, तुमच्या घरी जे मुकाट्याने काम करत असते, मग ते यंत्र असो की माणूस, त्याचे झाकण अधूनमधून उघडून बघत जा. सांगितलेले नीट कळले नाही तर 'कोणता' म्हणून विचारा. आणि दिसत नसेल, तर दिसत नाही म्हणा. उद्या सकाळी आम्हाला टेकडीवर जायचे आहे. माझ्या डिकीत तेवीस चष्मे आहेत, आणि तिथे तेवीस माणसे वाट बघत आहेत.