आतल्या बाजूचा कीपॅड

उचगाव रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या गेटाला, आतल्या खांबावर बसवलेला कीपॅड बोलतोय मी. माझ्याकडं आकड्यांची बटणं आहेत, एक हिरवा दिवा आणि एक लाल. लालच जास्त लागतो.

बेळगावच्या दुकानात माझ्या शेजारी रिमोट होता, अंगठा ओळखणारं यंत्रही होतं. वसुधाबाई आल्या तेव्हा दुकानदार यल्लाप्पानं आधी रिमोट दाखवला.

"नको. हे खिशात घालून निघून जातील."

"मग अंगठ्याचं घ्या, वैनी. हरवायची भीती न्हाय."

"अंगठा त्यांच्याजवळच असतो हो."

यल्लाप्पानं मला उचललं. "ह्याला नंबर लागतोय."

बाईंनी माझी बटणं दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "हाच द्या. त्यांना नंबर लक्षात राहत नाहीत."

लोक मला चोर बाहेर ठेवायला घेतात. बाई मला घरचं माणूस आत ठेवायला घेऊन आल्या.

ते माणूस म्हणजे त्यांचे यजमान, आनंदराव. सगळा जन्म वकिलीत गेलेला. आता विसरायचा आजार जडलाय. एकदा न सांगता घरातून निघाले ते पार चिकोडीच्या बसस्टँडवर सापडले. त्यानंतर गेटाला मोटर बसली. मोटरीबरोबर आलेला बाहेरून उघडायचा रिमोट बाईंच्या कपाटात, कुलपात. आतून उघडायला फक्त मी.

रोज सकाळी काळा कोट घालून ते माझ्यासमोर येतात. "आज तारीख आहे. उघड." मग मुलीचं जन्मसाल दाबतात, जुन्या स्कूटरचा नंबर दाबतात. मी लाल दिवा लावतो. "परत चुकलं का?" असं मलाच विचारतात. बरोबर आकडा माझ्या पोटात असतो, पण सांगायला तोंड नाही.

बाईही अडकल्याच होत्या. आनंदरावांना एकटं टाकून हळदीकुंकवाला जाणंसुद्धा सुटलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात अंगणातल्या कुरडया उचलताना बाईंचा पाय घसरला. खुब्यावर आदळल्या, उठताच येईना. फोन घरात. आनंदराव आले आणि शेजारी नुसते उभे राहिले. हाका ऐकून पलीकडच्या शेतातली जयाबाई धावत गेटाशी आली.

"वैनी, काय झालं वो? उघडा की गेट!"

"अहो, त्या बटणांकडं जा," बाई कण्हत म्हणाल्या. "मी सांगते ते दाबा. सात."

त्यांनी सात दाबला.

"दोन."

दोन दाबून ते थांबले. "पण आज कोर्टाला सुट्टी आहे ना?"

बाईंनी डोळे मिटले. वेदनेनं ओठ पांढरे पडले होते. "वकीलसाहेब, आपला साक्षीदार बाहेर उभा आहे. त्याला आत घ्यायचंय. नऊ दाबा."

आनंदरावांनी कोट नीट केला आणि नऊ दाबला. मग शेवटचा चार. माझा हिरवा दिवा लागला, गेट सरकलं.

आणि आनंदराव बाहेर पडून सरळ रस्त्याला लागले.

जयाबाई गेटातच थबकली. एकीकडं बाई, एकीकडं भरधाव ट्रक.

"आधी त्यांना धर!" बाई ओरडल्या.

जयाबाईनं पळत जाऊन त्यांचा हात धरला. "अण्णा, वैनी पडल्यात. चला, दोघं मिळून उचलू या."

"वसुधा पडली?" असं म्हणत ते तिच्याआधी आत आले.

बाईंचं ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालतात. पुण्याहून लेक चिन्मयी आली, तिनं बाहेरच्या बाजूलाही एक कीपॅड बसवून घेतला आणि त्याचा आकडा जयाबाईला सांगून टाकला. संध्याकाळी जयाबाई आनंदरावांना शेताच्या बांधापर्यंत फिरवून आणते. तेवढा वेळ बाई पायरीवर एकट्या बसतात, चहा पितात.

पण सकाळ अजून तशीच आहे. तुम्ही कधी गेटासाठी माझ्यासारखा कुणी घ्यायला गेलात, तर आतल्या माणसाची हाक ऐकणाऱ्या कुणाला तरी बाहेरून उघडायचा आकडा सांगून ठेवा. एवढंच मागणं.

आज आनंदराव बराच वेळ बटणं दाबत होते. मग थकले आणि माझ्यावरची धूळ कोटाच्या बाहीनं पुसत हळूच म्हणाले, "तुला पण सोडत नाहीत का रे?"